११० धनाढ्य, ३५ टक्के संपत्ती: दोन पानांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीतलं आहे. २५ डिसेंबर १९९१ रोजी मिखाइल गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत संघ संपला. त्याला ३० वर्षं होत होती, म्हणून पुरवणीने मधली दोन पानं राखून ठेवली होती. शीतयुद्धाची तीच गोष्ट पुन्हा सांगायची नाही, या ३० वर्षांत तिथली संपत्ती कुणाच्या हातात गेली ते सांगायचं, असं ठरलं. लेख २६ डिसेंबर २०२१ च्या अंकात यायचा होता, पण सरत्या वर्षाच्या आढाव्याला जागा द्यावी लागली आणि तो ९ जानेवारी २०२२ वर ढकलला गेला. मी त्या दैनिकात नोकरीला नव्हतो. आर्थिक विषयावरचा मोठा मजकूर असला की छाननीसाठी बोलावत, तसं याही वेळी बोलावलं. दैनिकाचं आणि तिथल्या माणसांचं नाव मी देत नाही.

मसुदा एका तरुण उपसंपादकाने लिहिला होता आणि त्याचा पाया पक्का होता. जानेवारी १९९२ मध्ये रशियात किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठलं. त्या वर्षी महागाई सुमारे २,५०० टक्क्यांवर गेली आणि लोकांनी आयुष्यभर बँकेत साठवलेले रूबल मातीमोल झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला १०,००० रूबल दर्शनी किमतीचं व्हाउचर मिळू लागलं, ते देऊन सरकारी कारखान्यांचे शेअर घ्यायचे. ज्याचा पगार थकला होता त्याने ते मिळेल त्या भावाला विकलं. अनेकांनी ते फंडांच्या हवाली केलं आणि फंडच गायब झाले. १९९५ च्या अखेरीस दुसरा टप्पा आला. सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं, तारण म्हणून तेल आणि धातूच्या कंपन्यांचे शेअर ठेवले, कर्ज फेडलं नाही, आणि शेअर बँकांच्या मालकांकडे गेले. नोरिल्स्क निकेलचा ३८ टक्के हिस्सा सुमारे १७ कोटी डॉलरला गेला, युकोसचा ४५ टक्के सुमारे १६ कोटींना, सिबनेफ्टचा ५१ टक्के सुमारे १० कोटींना. पुढे २००५ मध्ये गाझप्रॉम या सरकारी गॅस कंपनीने सिबनेफ्टचा सुमारे ७३ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा १,३०० कोटी डॉलर मोजावे लागले.

हे सगळं मसुद्यात होतं, पण दुसऱ्या पानावर, खाली. वर, सहा स्तंभांत, मथळा होता: ‘११० जणांच्या खिशात रशियाची ३५ टक्के संपत्ती’. शेजारी भूमध्य समुद्रातल्या एका आलिशान यॉटचा फोटो.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि दोन्ही एकाच आठवड्यात आल्या.

पहिली मथळ्याची. ‘सर, आकडा क्रेडिट स्विसच्या अहवालातला आहे,’ उपसंपादक म्हणाला. खरंच होतं. त्या बँकेच्या जागतिक संपत्ती अहवालात तसं स्पष्ट लिहिलं होतं, आणि जगभरात अब्जाधीशांचा वाटा १ ते २ टक्के असताना रशियात तो ३५ आहे अशी तुलनाही होती. पण तो अहवाल २०१३ चा. मसुदा मात्र वर्तमानकाळात बोलत होता. बिनतारखेचा हा आकडा गेली कित्येक वर्षं इंग्रजी लेखांतून फिरतो आहे, आणि तिथून तो आपल्याकडे येतो.

दुसरी अडचण बाहेरून आली. २ जानेवारीला कझाकस्तानच्या पश्चिमेला, मांगिस्ताउ प्रांतातल्या झानाओझेन या तेलाच्या गावात लोक रस्त्यावर आले. तिथल्या गाड्या एलपीजीवर चालतात. नव्या वर्षात भावावरची मर्यादा उठली आणि लिटरमागे ६० तेंगेचे (तेंगे हे तिथलं चलन) १२० झाले. तीन दिवसांत आंदोलन देशभर पसरलं, ५ तारखेला अल्माटीत महापालिकेची इमारत पेटली, देशातलं इंटरनेट बंद झालं, ६ तारखेला रशियाच्या नेतृत्वाखालचं सैन्य उतरलं. पुरवणीची पानं शुक्रवारी सोडायची होती. लेख तीन दशकांच्या विषमतेवर होता, विषमता त्याच आठवड्यात रस्त्यावर आली होती, आणि मसुद्यात कझाकस्तानवर जेमतेम चार ओळी होत्या.

त्यात मुख्य अंकाच्या वृत्तसंपादकांनी पुरवणीकडे पानं मागितली. अल्माटीत एमबीबीएस करणारी मराठी मुलं बरीच आहेत. फोन लागत नव्हते, व्हॉट्सॲप बंद होतं, आणि मराठवाड्यातले एक वडील कार्यालयात सारखे फोन करत होते. ‘आपली मुलं तिथे अडकलीत आणि तुम्ही १९९५ चे लिलाव छापताय,’ असं वृत्तसंपादक म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

समोरचे पर्याय

पुरवणीच्या संपादक, ज्यांना सगळे ताई म्हणत, त्यांनी बुधवारी संध्याकाळी चौघांना बसवलं. तीन वाटा निघाल्या.

लेख आहे तसा सोडायचा आणि कझाकस्तानची बातमी मुख्य अंकात वेगळी द्यायची, ही पहिली. काम सर्वांत कमी, पण वाचक रविवारी सकाळी पहिल्या पानावर जळणारं अल्माटी पाहणार आणि मधल्या पानावर कझाकस्तानशी काहीच संबंध नसलेली रशियन यॉट.

दुसरी वाट म्हणजे लेख मागे ठेवून दोन्ही पानं विद्यार्थ्यांना द्यायची. पालकांची गरज खरी होती. पण संपर्कच तुटलेला असताना दोन पानं कशाने भरणार? उरल्या असत्या फक्त पालकांच्या काळजीच्या मुलाखती, आणि त्या वाचून बाकीच्या पालकांची धाकधूक वाढली असती.

तिसरी वाट लेख फिरवायची. झानाओझेनपासून सुरुवात करायची, तिथून मागे जाऊन मालकी कशी बदलली ते सांगायचं, रशिया त्यात एक उदाहरण म्हणून ठेवायचं. हातात दीड दिवस होता.

मी तिसऱ्या वाटेच्या बाजूने बोललो. या देशांवरच्या लेखनातली मोठी खोट मला अनेक वर्षं खुपते: आपण श्रीमंतांची मोजदाद करतो आणि श्रीमंती कुठून आली हे सोडून देतो. यादी छापणं सोपं असतं. फोर्ब्सने एप्रिल २०२१ मध्ये रशियाचे ११७ अब्जाधीश मोजले, मिळून ५८,४०० कोटी डॉलर. त्याच यादीत भारताचे १४०. एवढी ओळ वाचून वाचकाला काय कळलं? झानाओझेनमध्ये गॅसचा भाव दुप्पट झाल्यावर लोक का पेटले, त्याचं उत्तर या ओळीत नाही.

ताईंनी तिसरी वाट घेतली, एका अटीवर: विद्यार्थ्यांची बातमी मुख्य अंकात पूर्ण ताकदीने जाईल, आणि पुरवणीच्या लेखाखाली दूतावासाची मदत कुठे मिळेल याची छोटी चौकट असेल. वृत्तसंपादकांना ते पटलं. हा निर्णय ताईंनी झटकन घेतला आणि तो बरोबर होता, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

पहिला निर्णय: ३५ टक्क्यांचं काय करायचं

इथे मात्र वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

त्याच बँकेचा पुढच्या वर्षीचा, २०१४ चा अहवाल उघडला. त्यात रशियाच्या अब्जाधीशांची संख्या १११, आणि त्यांचा वाटा १९ टक्के. एका वर्षात एक अब्जाधीश वाढला आणि वाटा जवळपास निम्म्यावर आला. रशियात त्या वर्षी संपत्तीचं फेरवाटप झालं नव्हतं. उपसंपादक गोंधळला. ‘मग खोटं कोण बोलतंय?’

कुणीच नाही. टक्केवारीला वरचा आकडा असतो आणि खालचा असतो. वरचा आकडा अब्जाधीशांच्या यादीतून येतो: शेअरचा त्या दिवशीचा बाजारभाव, डॉलरमध्ये. खालचा आकडा म्हणजे देशातल्या सगळ्या घरांची मिळून संपत्ती: घरं, ठेवी, रोकड, त्यातून कर्ज वजा. रशियात खासगी घरांची नेमकी किंमत किती याची मोजणी विरळ, म्हणून तो आकडा अंदाजाने बांधावा लागतो. २०१३ च्या अहवालात रशियातल्या दर प्रौढामागे संपत्ती धरली होती सुमारे ११,००० डॉलर. २०१४ च्या अहवालात ती सुमारे साडेएकोणीस हजार. अंदाज सुधारला, छेद मोठा झाला, टक्का खाली आला. वरचा आकडा जवळजवळ तिथेच होता.

म्हणजे ३५ टक्के ही बातमी नव्हती, ती एका वर्षीच्या अंदाजाची निष्पत्ती होती. पण म्हणून विषमता नाही असंही नव्हे. १९ टक्के घेतले तरी जगाच्या मानाने ते प्रचंड आहेत. इथेच अनेक डेस्क घसरतात: आकडा हलका निघाला की विषयच सोडून देतात, किंवा आकडा जोरदार आहे म्हणून तारीख खोडून वापरतात.

आम्ही दोन्ही आकडे, वर्षासकट, एका चौकटीत ठेवले आणि छेद कसा बदलला ते सात ओळींत सांगितलं. मथळ्यातून टक्का काढला. उपसंपादकाला वाईट वाटलं, कारण त्याच्या मथळ्यात दम होता. ताई त्याला म्हणाल्या, ‘अरे, तुझी चौकट वाचून माणूस उद्या दुसऱ्याचा मथळा तपासेल.’

त्याच सूत्रावर आणखी एक वाक्य मसुद्यात होतं: ‘संपत्तीच्या विषमतेत रशियानंतर भारतच.’ तेही क्रेडिट स्विसचंच, २०१६ चं. रशियात वरच्या १ टक्क्याकडे ७४.५ टक्के, भारतात ५८.४. जानेवारी २०१७ मध्ये ऑक्सफॅमने भारताचा आकडा उचलला आणि आपल्याकडच्या बहुतेक वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतला. मला ते वाक्य वगळायचं होतं. ताईंना ठेवायचं होतं, कारण वाचकाला आपल्याकडचा धागा लागतो. शेवटी ते चौकटीत गेलं, वर्ष आणि पद्धत सांगून. माझं मत आजही वगळण्याचंच आहे. दोन देशांचे अंदाज एकमेकांशेजारी ठेवले की वाचक क्रमांक लक्षात ठेवतो आणि अंदाज विसरतो.

दुसरा निर्णय: आलेखातला विरोधाभास

पान लावणाऱ्या सहकाऱ्याने जिनी गुणांकाचा स्तंभालेख केला होता. उत्पन्नातल्या विषमतेचं हे माप: शून्य म्हणजे पूर्ण समानता, एक म्हणजे सगळं एकाकडे. अधिकृत आकडेवारीनुसार रशिया ०.४१ च्या आसपास, कझाकस्तान ०.३ च्या खाली, युक्रेन ०.२६ च्या जवळपास. म्हणजे आलेखावर युक्रेन थेट स्कँडिनेव्हियन देशांच्या पंक्तीत बसला. शेजारच्या स्तंभात मजकूर सांगत होता की युक्रेनचं पोलाद, कोळसा आणि दूरचित्रवाहिन्या मूठभर उद्योगपतींच्या हातात आहेत.

उपसंपादकाने आलेखच काढून टाकायचं सुचवलं. त्या आलेखात मला लेखातली सगळ्यांत मोलाची गोष्ट दिसत होती. जिनीचा हा आकडा घरोघरच्या सर्वेक्षणातून येतो. सर्वेक्षण करणारी बाई पाचमजली सोव्हिएत इमारतीत दार वाजवते, निवृत्त शिक्षिका दार उघडते, पेन्शन किती, बटाट्यावर किती खर्च झाला ते सांगते. उंच कुंपणाआडच्या बंगल्याचं दार ती वाजवू शकत नाही, आणि उघडलं तरी सायप्रसमधल्या कंपनीचा लाभांश तिथे कुणी सांगणार नाही. हा आकडा खालच्या ९० टक्क्यांबद्दल बरंच खरं सांगतो आणि वरच्या टोकाबद्दल जवळजवळ काहीच नाही.

फिलिप नोवोकमेट, तोमा पिकेटी आणि गाब्रिएल झुकमान या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये रशियासाठी हे जुळवून पाहिलं. सर्वेक्षणं, प्राप्तिकराची आकडेवारी, राष्ट्रीय लेखे आणि श्रीमंतांच्या याद्या एकत्र केल्यावर वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा २० ते २५ टक्के निघाला. वरच्या १० टक्क्यांचा वाटा सोव्हिएत काळाच्या शेवटी २५ टक्क्यांखाली होता, तो ४५ च्या पुढे गेला. परदेशात ठेवलेली संपत्ती देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७५ टक्के. रशियाच्या सगळ्या घरांकडे देशात जेवढी आर्थिक मालमत्ता आहे, जवळपास तेवढीच श्रीमंत रशियनांनी बाहेर ठेवलेली आहे. या शेवटच्या वाक्याला यॉटच्या फोटोची गरज लागत नाही.

आलेख राहिला. त्याच्या डोक्यावर एक प्रश्न छापला: ‘हे सर्वेक्षण कुणाच्या घरी गेलं?’

तिसरा निर्णय: आपल्या माणसाचा उल्लेख

कझाकस्तानवर लिहिताना मसुद्यात एक परिच्छेद नव्याने आला: १९९५ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने तेमिरताउचा पोलाद कारखाना घेतला आणि डबघाईला आलेला कारखाना उभा केला. सूर कौतुकाचा होता. भारतीय वाचकाला ते आवडतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कारखाना तेव्हा खरोखर बंद पडण्याच्या बेतात होता.

पण कारखान्यापाठोपाठ कारागांदाच्या कोळसा खाणीही आल्या होत्या. डिसेंबर २००४ मध्ये शाख्तिन्स्काया खाणीत २३ कामगार मेले. सप्टेंबर २००६ मध्ये लेनिन खाणीत ४१. खासगीकरणाच्या कथेत नवा मालक येतो, भांडवल येतं, निर्यात वाढते, हे जितकं खरं, तितकंच खाणीत उतरणाऱ्याच्या सुरक्षेवर किती खर्च झाला हा प्रश्नही खरा. मी या दोन घटना त्याच परिच्छेदात घालायला सांगितल्या, वेगळ्या चौकटीत नाही. वेगळ्या चौकटीत गेलेला मृत्यू मुख्य मजकुरापासून तुटतो.

डेस्कवर एकाने विचारलं की एवढं मागे जायची गरज काय. ताईंनी आकडे पुन्हा तपासून घेतले आणि परिच्छेद तसाच सोडला.

चौथा निर्णय: विशेषणं

मसुद्यात ‘लुटारू’ आणि ‘माफिया’ हे शब्द जिवंत व्यक्तींच्या नावांपुढे आले होते. इथे कायद्याचा प्रश्न होता आणि न्यायाचाही. फोर्ब्सने डिसेंबर १९९६ मध्ये रशियन उद्योगपती बोरिस बेरेझोव्हस्की यांच्यावर लेख छापला. इंग्लंड-वेल्समध्ये त्या अंकाच्या २,००० हूनही कमी प्रती गेल्या होत्या, तरी २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, लंडनमध्ये बदनामीचा खटला चालू शकतो असा निर्णय दिला, आणि २००३ मध्ये नियतकालिकाने न्यायालयात खुलासा करून प्रकरण मिटवलं. त्या लेखाचे लेखक पॉल क्लेब्निकोव्ह पुढे फोर्ब्सच्या रशियन आवृत्तीचे संपादक झाले. मे २००४ च्या अंकात त्यांनी १०० श्रीमंतांची यादी छापली आणि ९ जुलै २००४ रोजी मॉस्कोत कार्यालयाबाहेर त्यांना गोळ्या घातल्या. २००६ मध्ये ज्युरीने आरोपींना निर्दोष सोडलं, तो निकाल वरच्या न्यायालयाने फिरवला, पण त्या खुनासाठी कुणाला शिक्षा झाली नाही.

हे उपसंपादकाला सांगितलं ते घाबरवण्यासाठी नाही. ज्यांनी जिवावर उदार होऊन या विषयावर काम केलं, त्यांनी व्यवहाराची तारीख, किंमत आणि खरेदीदार दिला. आपण इथे सुरक्षित बसून विशेषण देतो. विशेषणं काढली आणि प्रत्येक नावापुढे व्यवहार लिहिला: काय घेतलं, कधी, कितीला. मजकूर आधीपेक्षा जास्त जळजळीत झाला.

फोटोंचा निर्णय लवकर झाला. यॉट गेली. जळणाऱ्या इमारतीचा फोटो मुख्य अंकात जाणारच होता, म्हणून पुरवणीत झानाओझेनच्या चौकातल्या थंडीत उभ्या असलेल्या माणसांचा एजन्सीचा फोटो घेतला.

काय छापलं गेलं

९ जानेवारीला लेख झानाओझेनपासून सुरू झाला, २०२२ च्याच नव्हे, २०११ च्याही. तेलकामगारांचा संप त्या वर्षी मे महिन्यापासून चालू होता. १६ डिसेंबरला, कझाकस्तानच्या स्वातंत्र्याच्या विसाव्या वर्धापनदिनी, पोलिसांनी गोळीबार केला आणि किमान १४ जण मेले. दहा वर्षांनी आंदोलनाची ठिणगी त्याच गावात पडली. मांगिस्ताउमध्ये सरासरी पगार देशात वरच्या क्रमांकांत आहे, कारण तेल आहे. गरिबीचं प्रमाणही देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, कारण तेलकंपनीत नोकरी सगळ्यांना नाही आणि वाळवंटात भाजीपाला, पाणी, सगळं लांबून येतं. एकाच प्रांताचे हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा लेखाला कणा मिळाला.

नंतर काय झालं

पत्रं आली, नेहमीपेक्षा जास्त. एका पिढीने लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून स्वस्त रशियन पुस्तकं घेऊन वाचन सुरू केलं, त्या पिढीच्या वाचकांची बरीच पत्रं होती. त्यांचा सूर दुखावलेला होता: तेव्हा निदान अशी दरी नव्हती. त्यांना पुढच्या रविवारी उत्तर दिलं ते आदराने आणि पुराव्याने. उत्पन्नाची दरी खरंच कमी होती. पण विशेषाधिकार रोख रकमेत नव्हते, ते पक्षातल्या हुद्द्यात, राखीव दुकानांत, दाचात (गावाबाहेरच्या बंगल्यात) आणि रांगेत पुढे उभं राहण्यात होते. १९९२ नंतर कारखान्याची चावी अनेक ठिकाणी त्याच हुद्देदारांच्या हातात राहिली, हेही लिहिलं.

खरी कसोटी २१ जानेवारीला लागली. कझाकस्तानचे अध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव्ह यांनी उद्योगपतींच्या बैठकीत केपीएमजी या लेखापरीक्षण कंपनीचा हवाला देऊन सांगितलं की देशाची निम्मी संपत्ती १६२ जणांकडे आहे, आणि निम्म्या लोकसंख्येचं मासिक उत्पन्न ५०,००० तेंगेच्या वर नाही. म्हणजे तेव्हाच्या दराने साडेआठ हजार रुपये. उपसंपादकाने त्याच संध्याकाळी मला फोन केला. पण या वेळी त्याने आकडा आधी सांगितला नाही. ‘हा आकडा २०१९ चा आहे, त्यात ५५ टक्के आहेत, आणि ५ कोटी डॉलरच्या वरची माणसं मोजलीत,’ असं म्हणाला.

त्यावरून पुढच्या पुरवणीत छोटा लेख झाला, आणि त्यात दोन गोष्टी होत्या. हा आकडा अडीच वर्षं उपलब्ध होता, सत्तेच्या तोंडून आल्यावर तो बातमी झाला. आणि तो सांगणारे तोकायेव्ह स्वतः १९९९ ते २००२ पंतप्रधान होते, नंतर परराष्ट्रमंत्री, नंतर सिनेटचे अध्यक्ष. देशाचे पहिले अध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव्ह यांच्या काळात श्रीमंत झालेल्यांकडे त्यांनी बोट दाखवलं तेव्हा त्या आकड्याने एक राजकीय कामही केलं. हे न सांगता आकडा छापला असता तर आम्ही त्यांच्या बाजूचे झालो असतो.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते मोठी उणीव एकच राहिली: तिथल्या पत्रकारांची. सगळा लेख अहवाल, अभ्यास आणि पाश्चात्त्य एजन्सींच्या भरवशावर उभा होता. कझाकस्तानात संपत्तीवर लिहिणाऱ्यांनी काय भोगलं हे त्यात कुठेच नव्हतं. ‘रेस्पुब्लिका’ या साप्ताहिकाच्या कार्यालयावर मे २००२ मध्ये मुंडकं छाटलेला कुत्रा टांगला गेला, मग कार्यालयावर पेट्रोल बॉम्ब टाकले गेले. २०१२ च्या अखेरीस न्यायालयाने ते बंद पाडलं. २०१० च्या दुरुस्तीने पहिल्या अध्यक्षांच्या आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांच्या मालमत्तेला कायद्याचं कवच मिळालं होतं. अशा देशात अधिकृत जिनी ०.३ च्या खाली दिसतो आणि वर्तमानपत्रात त्यावर प्रश्न विचारला जात नाही, या दोन गोष्टींचा संबंध आम्ही वाचकाला जोडून द्यायला हवा होता. दीड दिवसात ते जमलं नसतं हे मान्य, पण पाठपुराव्यात जागा होती.

अल्माटीतल्या विद्यार्थ्यांकडूनही आणखी काही मिळालं असतं. इंटरनेट सुरू झाल्यावर मुख्य अंकाने त्यांच्या सुरक्षिततेच्या बातम्या केल्या आणि विषय संपवला. ही मुलं तिथे वर्षानुवर्षं भाड्याने राहतात, घरमालकांशी, टॅक्सीवाल्यांशी, रुग्णालयातल्या परिचारिकांशी बोलतात. परिचारिकेला पगार किती आणि त्यात घरभाडं किती, हे त्यांच्याकडून कळलं असतं. मराठी वर्तमानपत्राकडे असलेला हा एकमेव स्वतःचा स्रोत होता आणि तो फक्त ‘सुखरूप आहेत’ एवढ्यासाठी वापरला गेला.

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि जप्त झालेल्या यॉटचे फोटो सगळीकडे आले. या पुरवणीने एक फोटो छापला, त्याखाली मालकाने मूळ कंपनी कधी आणि कितीला घेतली ते दिलं. जिथे किंमत सापडली नाही तिथे फोटो वापरला नाही. हा नियम त्यांनी स्वतः केला, मी सुचवलेला नव्हता.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी कारागांदाच्या कोस्तेन्को खाणीत स्फोट झाला आणि ४६ कामगार मेले. आर्सेलर मित्तलचा तिथला कारखाना आणि खाणी कझाक सरकारने ताब्यात घेऊन एका कझाक उद्योजकाकडे सोपवल्या, नाव झालं कारमेट. तोवर आमचा उपसंपादक मुख्य अंकात गेला होता. त्याने २००४ आणि २००६ च्या खाणींचा जुना परिच्छेद काढला, नव्या बातमीला जोडला, आणि शेवटी दोन प्रश्न लिहिले: नव्या मालकाने किती मोजले, आणि त्यातला खाणीच्या सुरक्षेसाठी बांधील खर्च किती.